दहा मिनिटं आधी

धडधाकट घर सोडून जी बाई दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहायला जाते, तिला तुम्ही काय म्हणाल? आमच्या गावात मूर्ख म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर 'इंजिनीअरबाई' म्हणतात, पण सूर तोच. ती बाई मी. मार्लेने आस्तुदियो, वय चव्वेचाळीस, नगरपालिकेच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. गेल्या महिन्यापर्यंत त्या विभागात मी एकटीच होते, त्यामुळे प्रमुख व्हायला फारसा त्रास पडला नाही.

परवाच्या शनिवारी सामानाची शेवटची खोकी नव्या जागेत आणली. मदतीला दोघं होती. एक यादिरा, आमच्या विभागात नुकतीच लागलेली पोरगी, वय पंचवीस, सगळं येणारी. दुसरे उबाल्दोकाका, नगरपालिकेचे रात्रीचे पहारेकरी. आठ वाजता लाईट गेली. मग आम्ही तिघं खोक्यांवर बसलो, मध्ये यादिराचा मोबाईल पालथा ठेवला दिव्यासाठी, आणि कच्च्या केळ्याचा, अंडं-चीज घातलेला तिग्रीयो डब्यातूनच खायला लागलो. माझी कंबर गेलेली. बोलायचीही ताकद नव्हती.

"मॅडम, एक विचारू?" यादिरा म्हणाली. "ते घर किती छान होतं. अंगणातून अख्खं खोरं दिसायचं. सोडलंत का?"

मी उबाल्दोकाकांकडे बघितलं. त्यांनी चमचा थांबवला.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "मी फक्त किल्ल्या सांभाळतो."

म्हणून मग मीच सांगितलं.

आमचं गाव सोन्यावर बसलंय असं बाहेरचे म्हणतात. आम्हाला माहीत आहे, ते भोकांवर बसलंय. आमच्या आजे-पणज्यांनी डोंगर पोखरला, आमच्या बापांनी पोखरला, आणि आता रात्री चोरून कोण पोखरतं ते कोणी कोणाला विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कोपऱ्यावरचं दुकान फ्रीजसकट जमिनीत गेलं. तेव्हा कुठे वरून हुकूम आला, धोक्यातल्या घरांची यादी करा. यादीत नाव आलं की दुसरीकडे भाड्याने राहायला पैसे, पुढे जमिनीचा तुकडा. यादीत नाव नाही, तर तुम्ही आणि तुमचं भोक.

ती यादी करायचं काम एउदोरोकाकांकडे आलं. एउदोरो आपोलो, जमीन-नोंदीचे जुने कारकून. दुसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत सतरा नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायचे. एका बोटाने टाईप करायचे. जुन्या हातलिखित वह्या उघडायच्या, कोणाचं घर कोणत्या बोगद्यावर येतं ते नकाशावर जुळवायचं, आणि एकेक ओळ भरायची. मालकाचं नाव, गल्ली, घर क्रमांक. शेवटचा रकाना 'कळवले'. त्यात होय किंवा नाही.

त्या शेवटच्या रकान्यावर त्यांचा फार जीव. इतर कोणी असता तर पोस्टाने कागद धाडला असता आणि 'होय' लिहून मोकळा झाला असता. हे दुपारी टोपी घालून त्या घरी चालत जायचे. पायऱ्या चढायच्या, बसायचं, कॉफी घ्यायची, सांगायचं. घरातल्या म्हातारीला ऐकू येत नसेल तर परत सांगायचं. मग परत येऊन 'होय'.

"एवढ्या कॉफ्या प्याल तर एक दिवस हृदय बाहेर येईल," असं मी त्यांना म्हणायचे. मी फार विनोदी आहे.

आता माझं काम. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रात्री मी घरी बसून सगळे एक्केचाळीस कॉम्प्युटर रीस्टार्ट करते. सगळ्यांवर लिनक्स आहे, कारण नगरपालिकेला फुकट मिळेल ते सगळं आवडतं. नवे बदल लागू व्हायला कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करावा लागतो, आणि दिवसा केलं तर लोक मारतील. म्हणून रात्री. पण आमच्याकडे रात्रीही कोणी ना कोणी बसलेलं असतं. तेव्हा आधी बघायचं, कोण लॉगिन आहे. मग सगळ्यांना एक संदेश सोडायचा: 'दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद होऊन चालू होईल. काम सेव्ह करा. अडचण असेल तर उत्तर द्या.' मग दहा मिनिटं थांबायचं. मग बटण.

सहा वर्षांत मला एकाही माणसाने उत्तर दिलं नव्हतं. मी समजत होते, सगळे समाधानी आहेत.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी एउदोरोकाका माझ्या दारात उभे राहिले. टोपी हातात.

"इंजिनीअरबाई, काल रात्री माझ्यासमोरून सगळं गेलं. बावीस घरं."

"मी दहा मिनिटं आधी सांगितलं होतं, काका."

"मला काही आलं नाही."

"आलं होतं. तुम्ही वाचलं नाही. इथे कोणीच वाचत नाही."

"वाचायचंच काम करतोय हो, चाळीस वर्षं."

"मग सेव्ह करायचं पण शिका."

हे मी जरा मोठ्याने म्हटलं. बाहेर बाकावर दोन-तीन माणसं होती, त्यांनी ऐकलं. त्यात तार्हेलियाबाई लोआयसा होत्या. सत्तरीच्या, एकट्या, घराच्या मागच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग. त्या रोज थर्मास घेऊन बाकावर येऊन बसायच्या, यादीत आपलं नाव कधी येतं ते विचारायला. त्यांनी मान खाली घातली, जणू मी त्यांनाच ओरडले होते.

फाईल उघडून बघितली. थोडंसं परत मिळालं, तेही रकाने एकमेकांत गेलेले. एउदोरोकाकांनी टोपी घातली.

"सांगितलं म्हणजे समोरच्याच्या कानावर पडायला हवं," ते म्हणाले. रागाने नाही. दमून. "नाहीतर आपण आपल्याशीच बोललो."

आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला, एकोणपन्नासाव्या घरी सांगून ते परत आले, 'होय' लिहिलं, आणि पन्नासाव्या घराकडे निघाले. वरच्या गल्लीच्या पायऱ्यांवर मध्येच बसले. दम खायला बसले असतील असं लोकांना वाटलं. अर्ध्या तासाने कोणीतरी हाक मारली.

कॉफीवरचा माझा विनोद त्यांच्या दफनाच्या वेळी मला फार आठवला.

यादी तशीच राहिली. एकोणपन्नास घरं झालेली, पंधरा बाकी. वह्या त्यांच्याच कपाटात, अक्षर त्यांनाच लागणारं. साहेब रोज म्हणायचे, बघू. वरून पत्र आलं की मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारपर्यंत यादी पोचली नाही, तर बाकीची घरं पुढच्या वर्षी. तार्हेलियाबाई बाकावर येतच होत्या. पुढच्या वर्षीपर्यंत ती भिंत थांबणार नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

आणि मग मार्चचा दुसरा गुरुवार आला. रात्रीचे अकरा चाळीस. पाऊस. त्या दिवशी मी सकाळी सातपासून उभी होते, म्हणून बादलीत मिठाचं गरम पाणी घेऊन पाय सोडून बसले होते. मांडीवर लॅपटॉप. आई आत झोपलेली.

नेहमीसारखं बघितलं, कोण लॉगिन आहे. एवढ्या पावसात कोण असणार?

एक ओळ आली. सतरा. ई. आपोलो.

मला भीती नाही वाटली. लाज वाटली. माणूस गेल्यावर त्याचं खातं बंद करायचा फॉर्म असतो, तो तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होता. त्या दुपारी 'आलोच' म्हणून ते स्क्रीनला कुलूप लावून गेले असणार, आणि तेव्हापासून ते लॉगिन तसंच असणार. माझाच आळस.

पण त्या ओळीत शेवटी एक आकडा असतो. कीबोर्डला शेवटचा हात लागून किती वेळ झाला, तो. वीस-एक दिवस दिसायला हवे होते.

चार सेकंद होते.

मी उबाल्दोकाकांना फोन लावला. म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावर जरा बघता का, मागच्या खोलीत कोण बसलंय?"

"कोणी नाही. कुलूप आहे."

"किल्ली?"

"माझ्या हातात."

"जाऊन काचेतून बघा ना."

त्यांच्या चपला ऐकू आल्या. पायऱ्या. मग थांबल्या.

"अंधार आहे. सतरा नंबरचा स्क्रीन चालू आहे. ते कुलपाचं चित्र आहे त्यावर. पासवर्ड मागतंय."

"आणि खुर्ची?"

"रिकामी."

मी श्वास सोडला.

"फक्त..." ते म्हणाले.

"फक्त काय?"

"संध्याकाळी मी ती टेबलाखाली सरकवली होती. आता बाहेर आहे."

माझ्यासमोरचा आकडा तीन झाला. मग एक. मग शून्य. शून्यावर थांबला.

शून्य म्हणजे कोणीतरी टाईप करतंय.

मला बटण दाबता आलं असतं. एक बटण. सगळं बंद झालं असतं, आणि सकाळी मी स्वतःला सांगितलं असतं, काहीतरी बिघाड होता. बोट तिथेच होतं.

पण सवय... सहा वर्षांची सवय. मी संदेश टाईप केला. दहा मिनिटांत बंद होईल. काम सेव्ह करा. अडचण असेल तर उत्तर द्या.

पाठवला.

पाऊस.

मग माझ्या स्क्रीनवरच्या खिडकीत, सहा वर्षांत पहिल्यांदा, एक ओळ उमटली.

'थांबा. पंधरा घरं राहिलीत.'

पाय बादलीत होते. बाहेर काढता येईनात. फोन कानाला तसाच.

"काका," मी म्हटलं, "अजून आहात ना?"

"आहे."

"काही दिसतंय?"

"नाही." मग बऱ्याच वेळाने, "ऐकू येतंय."

एका बोटाचं टाईपिंग. टक... टक. मलाही फोनमधून येत होतं. मधे थांबायचं. वहीचं पान उलटायला लागेल तेवढं. मग परत टक.

मी थांबले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी गार झालं. मी काही लिहिलं नाही, विचारलं नाही. माझ्याने दुसरं काय होणार होतं? एका माणसाला बोलून बसले होते. आता एवढंच हातात होतं, थांबणं.

साडेबारा.

एक.

टक... टक...

एक बावन्न. ओळ आली.

'झालं. आता करा.'

आणि तिच्याखाली अजून एक.

'या वेळी सांगितलंत.'

मी बटण दाबलं. एक्केचाळीस कॉम्प्युटर बंद झाले. एकेक करून परत आले. सतरा सगळ्यात शेवटी.

फोनवर उबाल्दोकाका म्हणाले, "खुर्ची आत गेली."

आणि फोन ठेवला.

सकाळी यादी उघडली. चौसष्ट घरं, सगळी. सेव्ह केल्याची वेळ एक एक्कावन्न. तार्हेलियाबाई अठ्ठावन्न नंबरवर. पहिल्या एकोणपन्नासांपुढे 'होय', नंतरच्या पंधरांपुढे 'नाही'. बरोबरच आहे. ज्या घरी जाता आलं नाही तिथे ते 'होय' कसं लिहितील?

दुपारच्या आत यादी गेली. साहेबांना वाटलं, मी रात्रभर जागून केली. सगळ्यांसमोर शाबासकी दिली. सहा वर्षांतली पहिली, तीही माझी नाही.

शनिवार-रविवार मी आणि उबाल्दोकाका त्या पंधरा घरी चालत गेलो. बसलो. कॉफी घेतली. सांगितलं. पंधरा कॉफ्या. तार्हेलियाबाई शेवटच्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोणीतरी येईल म्हणून सामान बांधूनच ठेवलंय." सोमवारी त्या भाचीकडे गेल्या. गुरुवारी पहाटे त्यांच्या घराची मागची बाजू गेली. भिंत, चूल, पलंगाची जागा. आत कोणी नव्हतं.

इथपर्यंत सांगून मी थांबले. यादिराने डबा केव्हाच खाली ठेवला होता.

"पण मॅडम, तुमचं घर कुठे आलं यात?"

मी पर्समधून कागद काढला. रोज बरोबर असतो. मोबाईल उलटा करून तिने त्यावर उजेड पाडला. यादीचं शेवटचं पान. चौसष्टावी ओळ, आणि तिच्याखाली...

"पासष्ट," यादिराने वाचलं. "आस्तुदियो, मार्लेने. वरची गल्ली, घर क्रमांक एकतीस. कळवले..."

पुढे वाचलं नाही. पुढे 'होय' होतं.

"पाठवायच्या आधी मी ती ओळ पुसली," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील, बाईने स्वतःचंच नाव घुसवलं. कागद मात्र छापून ठेवला. चार दिवस उशाशी ठेवला. पाचव्या दिवशी रिकामी खोकी आणायला गेले."

यादिरा कागद बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, जरा विचित्रच.

"मॅडम, तो दहा मिनिटांचा संदेश... तुम्ही कशाने पाठवता?"

"कशाने म्हणजे? ती आपली जुनी आज्ञा. एक ओळ लिहायची, सगळ्यांना जाते."

"ती?" ती म्हणाली. "मॅडम, ती फक्त काळ्या खिडकीत दिसते. नुसती अक्षरं असतात ती खिडकी. तुम्ही-मी उघडतो तसली."

"हो, मग?"

"आपले लोक ती उघडत नाहीत. ते चित्रांच्या स्क्रीनवर काम करतात. तिथे हा संदेश उमटतच नाही. त्याला वेगळी सोय करावी लागते." तिचा आवाज खाली गेला. "आपल्या इमारतीत तुमचा संदेश कोणालाच कधी दिसलेला नाही."

सहा वर्षं. महिन्याला एकदा. नम्रपणे, विरामचिन्हांसकट.

'मला काही आलं नाही,' ते म्हणाले होते. बाकावरच्या माणसांसमोर. आणि मी...

यादिराने विचारलं, अगदी हळू, "त्या रात्री सतरावर कुलपाचं चित्र होतं ना? म्हणजे काळी खिडकीही उघडी नव्हती. मग त्यांनी वाचलं कुठे?"

उबाल्दोकाका तिग्रीयो संपवत होते.

"बाहेरून कोणी त्यांच्या नावाने लॉगिन..." तिने सुरू केलं.

"बघितलं मी. बाहेरून आलं की कुठून ते दिसतं. सतराच होतं."

तिने मोबाईल परत पालथा ठेवला. मग उचलून स्वतःजवळ घेतला.

मला ते सहन होईना. शांतता झाली की मी विनोद करते, वाईट सवय. म्हटलं, "जाऊ दे गं. भूगर्भवाले येऊन घर बघून गेले. खाली एकही बोगदा नाही म्हणाले. नकाशातही नाही. भिंतीला केसाएवढी भेग नाही. आई मामाकडे जाऊन राहिलीय, तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये, बापाने हाताने बांधलेलं घर सोडलंस म्हणते. शेजारी हसतात. आणि घर बघ, रोज सकाळी उन्हात कसं ऐटीत उभं असतं." मी उबाल्दोकाकांकडे वळले. "तुम्हीच सांगा काका. मी मूर्खच ना?"

त्यांनी डबा पुसला, झाकण लावलं, आणि अंधारात मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"अजून दहा मिनिटं झाली नाहीत, इंजिनीअरबाई."